फटफटीची खंडेनवमी

ब्रेक ही काही मोठी गोष्ट नाही. निदान मला तरी नाही! मी एकोणीस वर्षं नववीला विज्ञान शिकवतो, आणि घर्षणाचा धडा अख्ख्या जाफराबाद तालुक्यात माझ्याइतका चांगला कुणी शिकवत नाही. हे मी माझ्या मनानं म्हणत नाही. आमचे मुख्याध्यापक एकदा म्हणाले होते, आणि तेव्हापासून मी म्हणतो. ब्रेक म्हणजे दुसरं काय? घर्षण! चाक फिरतं, आतून त्याला काहीतरी घासतं, चाक थांबतं. एवढ्याशा गोष्टीला मिस्त्री कशाला लागतो?

असं मी घटस्थापनेच्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर बोलून बसलो. "दादा, यंदाच्या दसऱ्याला तुम्ही फटफटीवरच धावड्याला जायचं. ब्रेक मी करतो. घरी! माझ्या हातानं!"

दादा म्हणजे माझे वडील, रामराव. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी ताटातून मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं. वर्षभरात ते पहिल्यांदाच असं बघत होते.

"जमंल का तुला?"

"न जमायला काय झालं?"

"मागच्या महिन्यात यांनी पंखा खोलला होता," माझी बायको शीतल भाकरी वाढता वाढता म्हणाली. "तवापासून उलटा फिरून राह्यला."

"फिरतो ना? मंग!" मी म्हणालो. पण दादांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले, आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

आता हे फटफटीचं प्रकरण काय ते सांगायला हवं. पंचाहत्तर सालची ही मोटारसायकल दादांनी जालन्याहून जुनी घेतली, ती माझ्या जन्माच्या आधी. त्या दिवसापासून तिला एकाच माणसाचा पान्हा लागला, अजमत मिस्त्रींचा. आमच्याच टेंभुर्णीत एस.टी. स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. दादा शेतकरी, ते मिस्त्री, आणि दोघांच्या मध्ये ही फटफटी. तिच्या निमित्तानं दोघं रोज भेटायचे. ती बिघडली नाही तर बिघडली का नाही हे बघायला भेटायचे!

आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून पुजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, पहार. आईला आम्ही बाई म्हणतो. या पूजेचा सगळा कारभार बाईचा. फटफटी ही तिच्या लेखी एक मोठं अवजारच असल्यामुळे तिलाही हळदकुंकू, झेंडूचा हार, तेल, नारळ, सगळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळीच अजमतचाचा आमच्याकडे यायचे. एका हातात पेट्रोलची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. गोठ्यात फटफटीपाशी एकटेच तासभर बसायचे. मग हात धुऊन पुरणपोळी खायचे आणि जायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव आहे गाडीवर, सणाची आंघोळ घालतो तिला. संध्याकाळी सीमोल्लंघन झालं की दादा आपट्याचं पहिलं सोनं द्यायला त्यांच्या घरी जायचे. घर दोनशे पावलांवर. तरी फटफटीवर! चाळीस वर्षांत एकही दसरा चुकला नाही.

दीड वर्षापूर्वी चाचांचे हात थरथरायला लागले. दुकान बंद करून ते आपल्या गावी, धावड्याला, मुलाकडे राहायला गेले. धावडा म्हणजे भोकरदनच्याही पलीकडे. दादा म्हणाले, हरकत नाही, आता दोनशे पावलांच्या जागी थोडं लांब जाऊ. मागच्या दसऱ्याला ते हार घातलेल्या फटफटीवर बसले, किक मारली, गल्लीत तीस पावलं गेले. वळणावर ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही! फटफटी सरळ शेजारच्या टेम्पोवाल्या कल्याणच्या उकिरड्यात घुसली आणि दादा कमरेपर्यंत शेणात.

लागलं काही नाही. पण मी धावत गेलो आणि घाबरलेला माणूस जे बोलतो ते बोललो. किल्ली काढून घेतली आणि गल्लीसमोर म्हणालो, "या वयात हे धंदे बंद करा आता! सोनंच द्यायचंय ना? एस.टी.नं जा!"

दादा उठले, धोतर झटकलं, घरात गेले. धावड्याला गेलेच नाहीत. माझ्याशी बोलणंही हो आणि नाहीपुरतं उरलं.

आणि या आषाढात अजमतचाचांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दादांना एस.टी.नं घेऊन गेलो. चाचा बाजेवर पडून आढ्याकडे बघत होते. दादा तासभर त्यांचा हात धरून बसले. चाचांनी एकदाही नजर वळवली नाही. परत येताना दादा खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाले, "मी फटफटीवर आलो न्हाई. त्यानं मला वळखावं तरी कसं?"

श्रावणात चाचींचा, म्हणजे अकबरबींचा, फोन आला. "बद्री बेटा, हे कुनाकडंच बघत न्हाईत. पर रस्त्यानं मोटारसायकल गेली ना, की मान दरवाज्याकडं फिरवतात. आवाज ऐकतात. मंग पुन्हा डोळे मिटून घेतात. यांना तीच पाहिजे. डॉक्टर म्हनले, दिवस किती ते सांगता येत न्हाई."

त्या फोननंतर माझ्या जिवाला चैन पडेना. चाळीस वर्षांत एक सोनं चुकलं होतं आणि ते माझ्या तोंडामुळे. म्हणून ती घटस्थापनेची फुशारकी. तिच्यात फुशारकी थोडी होती आणि पश्चात्ताप जास्त.

कामाला मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरुवात केली. आधी चाकं काढून ब्रेकशू, म्हणजे चाकाला आतून घासणाऱ्या दोन-दोन कमानी, जालन्याला नेले. एका माणसाकडून त्यांच्यावरचे जुने लायनर, म्हणजे घासून थांबवणारे थर, खरवडून नवे चिकटवून घेतले. त्या माणसानं जुने लायनर नखानं टोकरून बघितले आणि म्हणाला, "सर, माल तर चांगला दिसून राह्यला." मी हसलो. सामान्य माणसाला घर्षण डोळ्यांनी दिसत नाही, हे त्याला कुठं समजवत बसणार?

अष्टमीला रविवार होता. दिवसभर ओसरीवर बसून मी ड्रम घासले, स्प्रिंगा साफ केल्या, पॉलिश पेपरनं ब्रेकशू खरखरीत केले. सगळे सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकापुढे खडूनं नंबर घातला. एकूण एकतीस भाग! दादा खुर्ची टाकून बघत बसले होते. अजमतचाचांखेरीज कुणी फटफटी खोलताना ते पहिल्यांदाच बघत असावेत. मध्येच एकदा म्हणाले, "अजमत स्प्रिंग दातानं धरायचा." मी दातानं धरली. ती सुटून ओठावर लागली. पण आम्ही दोघं हसलो, आणि वर्षभरानं त्या ओसरीवर हसण्याचा आवाज झाला.

सोमवारी सकाळची शाळा होती. ठरवलं, दुपारी येऊन सगळं बसवायचं, संध्याकाळी चाचणी, मंगळवारी दसरा. वेळापत्रक बिनचूक!

दुपारी घरी आलो तर ओसरी धुऊन स्वच्छ. वर्तमानपत्र नाही, नंबर नाहीत, एकतीस भागांतला एकही भाग नाही.

"शीतल! माझे ब्रेक कुठं गेले?"

"देवापुढं," आतून आवाज आला.

देवघरात घटासमोर मोठा पाट मांडला होता. पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड, पहार. त्यांच्या शेजारी माझे पान्हे, हातोडी, स्प्रिंगा, नटबोल्ट. आणि सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, चार ब्रेकशू. प्रत्येकाला हळदकुंकवाची बोटं, प्रत्येकावर एक झेंडू. शू चमकत होते. नको तितके चमकत होते. मी खाली वाकून वास घेतला.

"बाई! याला तेल लावलं?"

"मंग!" बाई अभिमानानं म्हणाली. माझी आई साळूबाई, वय बहात्तर, पण या घरातल्या लोखंडाला तिनं कधी गंज चढू दिला नाही. "कोरडंठक्क पडलं होतं रे. हात लावला तर खरखर. लोखंडाचे असे हाल करतात का कुनी? चांगलं घाण्याचं करडीचं तेल घेतलं. एकदा लावलं तर सगळं पिऊन टाकलं त्यानं. मंग दुसऱ्यांदा लावलं."

दोनदा! जो पृष्ठभाग खरखरीत करायला मी सात तास घालवले, त्यानं घाण्याचं तेल पोटभर पिऊन घेतलं होतं. घर्षण कमी करण्यासाठी काय वापरतात, असा प्रश्न मी दर चाचणीत विचारतो. एका गुणाला.

"बाई, हे मला आत्ता पाहिजेत. धुवायचेत."

"आज?" बाईनं कानाला हात लावले. "आज खंडेनवमी हाय. पुजेतलं हत्यार उद्याची पूजा होईस्तोवर हलवायचं न्हाई. सालातून एक दिवस इसावा असतो त्यायला."

"अगं, पण ब्रेकला तेल चालत नाही!"

"का? विळ्याला चालतं, कुऱ्हाडीला चालतं, त्याच्यानंच काय घोडं मारलं?"

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट होते. सकाळपासून उपाशी, गुडघे दुखत असताना खाली बसून, एकतीसच्या एकतीस भाग तिनं बोटानं चोळले होते. त्या हातांना, तुम्ही चूक केली, असं सांगायला विज्ञानाच्या शिक्षकाहून कठोर माणूस लागतो.

मग मी चोरी करायचं ठरवलं. बाई दुपारची आडवी झाली की चार शू उचलायचे, पेट्रोलमध्ये बुडवायचे, हळदकुंकू लावून परत ठेवायचे. झेंडूसुद्धा त्याच कोनात! मी पाऊल न वाजवता देवघरात गेलो, पाटापुढे गुडघे टेकले, पहिल्या शूवर हात ठेवला. तेवढ्यात मागून दादा आले.

मी तसाच थिजलो. दादांनी बघितलं ते असं, की त्यांचा सायन्सवाला मुलगा, जो गणपतीलाही घाईघाईत हात जोडतो, तो ब्रेकशूवर हात ठेवून डोळे मिटून बसलाय! ते हळूच माझ्याशेजारी बसले आणि त्यांनीही हात जोडले.

"अजमत आजच्या दिवशी दुकान बंद ठेवायचा," ते म्हणाले. "लोक म्हनायचे, मिस्त्री, तुमचा कुठं सन हाय? तर म्हनायचा, माझा नसंल, पान्ह्याचा तर हाय ना. बिलकुल हात लावायचा न्हाई." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू बी पाळून राह्यला. बरं वाटलं, बद्री."

आता सांगा, यानंतर कोण चोरी करेल? मी त्या शूला खरोखरच नमस्कार केला. मनापासून केला.

दसऱ्याला सकाळी पूजा होताच मी चारही शू घेऊन मागच्या दारी पळालो. पेट्रोलनं धुतले. तेल. धुण्याच्या पावडरीनं घासले. तेल! शाळेतला खडूचा भुगा चोळला, तो तेल पिऊन भज्याच्या पिठासारखा झाला. मग मला बाष्पीभवन आठवलं.

"शीतल, तवा दे."

"पुरनपोळ्या करून राह्यले मी त्याच्यावर!"

"जुना दे."

चुलीवर जुना तवा, तव्यावर चार ब्रेकशू. मी उलथण्यानं परतत होतो. धूर निघाला, घरभर भज्यांचा वास सुटला. दोन शेजारणी वासानं आत डोकावून गेल्या. शीतल कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, खरं सांगून टाका ना दादांना. गाडी करून जा."

"दुसऱ्या गाडीनं गेलेलं चाचांना ओळखू येत नाही."

मग तिनंच दुसरं उलथणं घेतलं आणि माझ्या शेजारी बसली.

दोन वाजेपर्यंत सगळं बसवलं. दादा तयार होते. पांढरं धोतर, कडक सदरा, डोक्याला फेटा, खिशात आपट्याची पानं. गल्ली गोळा झाली होती. मी म्हणालो, "आधी मी एक चक्कर मारतो." किक मारली, फटफटी पहिल्या झटक्यात सुरू झाली, कारण दर रविवारी गोठ्यातच उभी करून दादा तिचं इंजिन पाच मिनिटं चालू ठेवत. फक्त किल्ली माझ्याकडून मागून न्यायला लागायची. हे लिहिताना मला लाज वाटते.

तीस पावलं गेलो. वळणावर ब्रेक दाबला. फटफटीनं माझी विनंती ऐकून घेतली, तिच्यावर शांतपणे विचार केला आणि तशीच पुढे निघाली. मी दोन्ही ब्रेक दाबले. पाय टेकवले. आणि सरळ कल्याणच्या उकिरड्यात! त्याच जागी. कमरेपर्यंत!

गल्ली हसली. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. आता दादा येतील, किल्ली काढून घेतील आणि तेच चार शब्द मला ऐकवतील. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण दादांनी फक्त हात पुढे केला.

"लागलं का रं?"

शेणात बसल्या बसल्याच मला रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, नववीचा वर्गशिक्षक! "दादा, मागल्या साली मी चुकलो. किल्ली घ्यायला नको होती. आता हे बी जमलं न्हाई मला."

"ऊठ," दादा म्हणाले. "येळ होऊन राह्यला."

उकिरड्याचा मालक कल्याण तोवर त्याचा टेम्पो घेऊन आला होता. सणामुळे टेम्पो रिकामाच, वर हार घातलेला. तो म्हणाला, "काका, फटफटी टाका याच्यात. धावड्याला सोडतो."

"टेम्पोत?" दादा ताठ झाले. "ती काय मेली का?"

"वेशीपर्यंत," मी घाईघाईनं म्हणालो. "वेशीपासून तुम्ही चालवत जायचं. शेवटची दोनशे पावलं. चाचांना काय, आवाज तर येईल!"

दादांनी फटफटीकडे बघितलं. मग दोनशे पावलं म्हणजे किती, हे त्यांनी मनात मोजलं असावं. "चल," ते म्हणाले.

धावड्याच्या वेशीवर फळी लावून फटफटी उतरवली तेव्हा उन्हं कलली होती. लोक आपट्याची पानं घेऊन देवळाकडे निघाले होते. दादा गाडीवर बसले. ब्रेक नसलेल्या गाडीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यामुळे थांबवायची जबाबदारी माझी. मी मागचं कॅरियर दोन्ही हातांनी धरलं आणि चपला जमिनीत रोवल्या. नववीच्या पुस्तकात ज्याला बाह्य बल म्हणतात, ते त्या दिवशी मी होतो!

"सोडू का?" दादांनी विचारलं.

"पहिल्या गिअरमध्येच राहू द्या!"

फट फट फट फट! धावड्याच्या गल्लीत तो आवाज घुमला. कोंबड्या पळाल्या, माणसं बाजूला झाली. दादा ताठ बसून पुढे, मी त्यांच्या मागे ओढला जात धुरळ्यात. एक चप्पल पहिल्या वळणावर गेली, दुसरी पाण्याच्या टाकीपाशी. अजमतचाचांचं अंगण समोर आलं. दार सताड उघडं, आणि अंगणातच बाज! बाजेवर चाचा!

"दादा, बंद करा!"

इंजिन बंद झालं. फटफटी मात्र चालतच राहिली. मी कॅरियर धरून सरळ खाली बसलो. अंगणभर माझ्या पँटचं बूड घासत गेलं आणि बाजेपासून चार बोटांवर चाक थांबलं. घर्षण शेवटी कामाला आलं. लायनर मात्र माझं होतं.

चाचांची मान दाराकडे वळलेली होती. पुन्हा डोळे मिटण्यासाठी नव्हे. ते उघड्या डोळ्यांनी फटफटीकडे बघत होते. मग दादांच्या फेट्याकडे. मग पुन्हा फटफटीकडे. दादा उतरून बाजेपाशी उभे राहिले.

चाचांनी नाक आकसलं. एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. डाव्या हाताचं बोट उचललं, चाकाकडे दाखवलं, आणि वाकड्या झालेल्या तोंडातून, जोर लावून, एक शब्द बाहेर काढला.

"ते... ल."

अकबरबींच्या हातातलं तांब्याभर पाणी खाली पडलं. "या अल्ला! बोलले!" तीन महिन्यांतला पहिला शब्द.

"भा... भी," चाचा म्हणाले. आणि त्यांचा एक खांदा हलायला लागला. आधी मला वाटलं, रडतायत. ते हसत होते!

"कोन भाभी? साळू?" दादांना काही कळेना.

अकबरबी डोळे पुसत पुसत हसायला लागल्या. "रामरावभाई, आता सांगूनच टाकते. हे चाळीस साल कुनाला बोलले न्हाईत. साळूभाभी दर खंडेनवमीला फटफटीची पूजा करायच्या ना, तवा चाकाच्या फटीतून आत तेल सोडायच्या. करडीचं. सगळे ब्रेक तेलात! म्हनून हे दसऱ्याच्या फजरला पेट्रोल घेऊन यायचे. चाक खोलायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे. मी म्हनायची, भाभीला सांगून टाका की एकदा. तर म्हनायचे, त्या इतक्या मोहब्बतीनं लावतात, मी कसं सांगू? मला एक तास लागतो, तेवढाच खर्चा."

मी जमिनीवरच बसून होतो. मागच्या दसऱ्याला चाचा टेंभुर्णीत नव्हते. तेल होतं, पुसणारा नव्हता. म्हणजे दादा उकिरड्यात गेले ते म्हातारपणामुळे नाही. फटफटी जुनी झाली म्हणूनही नाही. मी किल्ली काढून घेतली, त्यांना गल्लीसमोर बोललो, वर्ष वाया घालवलं, आणि त्या ब्रेकमध्ये बिघाड असा काही नव्हताच!

दादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बाजेवर बसले. खिशातून आपट्याची ताजी पानं काढली. मग आतल्या खिशातून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात वाळून काळी पडलेली पानं होती.

"हे मागल्या सालचं," ते म्हणाले आणि पुडी चाचांच्या डाव्या तळहातावर ठेवली. "अन् हे यंदाचं. उशीर झाला, अजमत."

चाचांनी मूठ मिटली. वाळलेली पानं चुरली असतील, पण त्यांनी मूठ उघडली नाही. दादा आता उघड उघड रडत होते, आणि मीही, आणि मागोमाग टेम्पो घेऊन आलेला कल्याणसुद्धा.

मग चाचांनी दुसरं काम सुरू केलं. डोळ्यांनीच पेट्रोल मागवलं. त्यांचा मुलगा अतिक बाटली घेऊन आला, दादांनी धोतर खोचलं, मी पान्हा धरला, आणि चाचा एका बोटानं सांगत गेले. हे आधी. ते नंतर. नुसतं धुवायचं नाही, पेट्रोल टाकून आत मुरलेलं तेल पेटवून जाळायचं. स्प्रिंग दातानं. तासाभरात लायनर कोरडे झाले. शू हातात धरून मी चाचांना दाखवले. नवे लायनर त्यांनी निरखून बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताची पाच बोटं दाखवली. मूठ मिटून पुन्हा पाच.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"जुने अजून दहा साल चालले असते, म्हनतात," अकबरबी म्हणाल्या.

परत येताना फटफटी टेम्पोत चढवायला दादा तयार होईनात. सूर्य मावळायला अवकाश होता, रस्ता रिकामा होता. शेवटी ठरलं, भोकरदनपर्यंत ती मी चालवायची आणि पुढे टेम्पो. दादा माझ्या मागे बसले. वळणावर मी जरा भीतभीतच ब्रेक दाबला. फटफटी जागच्या जागी उभी राहिली. मागून दादांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला.

"बद्री," ते कानाशी म्हणाले, "तुझ्या बाईला सांगायचं न्हाई."

"न्हाई."

"पुढच्या दसऱ्याला अजमतच्या जागी तू."

मी मान डोलावली. चाळीस वर्षांचं काम होतं ते, आणि मला ते न मागता मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा घेताना बाईनं विचारलं, "काल ब्रेक कसे लागले रे?"

मी दादांकडे बघितलं. दादांनी बशीत तोंड घातलं.

"बराबर लागले, बाई. एकदम जागेवर!"

"लागनारच," बाई समाधानानं म्हणाली. "दोनदा तेल लावलं होतं. पुढच्या साली तीनदा लावीन."